मुलाचं स्वतःचं ग्रीनहाऊस आहे

सोळा एप्रिल, रविवार. सांगितलेली रक्कम, वर्षाला सहा लाख. हजर मंडळी अशी: मुलगी, तिचे वडील आणि तिचा मामा, आमच्याकडून मी, माझी बायको आणि ज्याचं लग्न ठरवायचं होतं तो माझा धाकटा भाऊ, शिवाय चरोद्याचे निवृत्त रेल्वे गार्ड, ज्यांनी हे स्थळ आणलं होतं आणि ज्यांना आम्ही घरात गार्डबाबा म्हणतो. सात माणसं, भिलाईत हुडको वसाहतीतल्या आमच्या पुढच्या खोलीत, सकाळी दहाच्या सुमारास.

सहा लाखांचा आकडा गार्डबाबांचा होता, माझा नव्हता. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, आणि वजाबाकी करून जे उरेल त्यालाच माल म्हणायचं. सव्वीस वर्षं हेच केलं. भरल्या गाडीचं वजन कुणी मालाचं म्हणून सांगितलं तर मी कागदावर सही करत नाही. भावाची वर्षाची विक्री सहा लाखांची होती, हे खरं. रोपं, खत, वीज, मजुरी आणि बँकेचा हप्ता वजा केला की दोन लाख चौदा हजार उरत.

भावाचं काय होतं ते आधी सांगायला हवं. नंदिनी नगरच्या पुढे, धमध्याच्या रस्त्याला, पंचवीस डिसमिल जमिनीवर त्याने लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करून त्यावर जाड पांढरं प्लास्टिक ताणलं होतं. आत बिनबियांची काकडी. पंचवीस डिसमिल म्हणजे पाव एकर. ही जागा भाड्याची होती, सांगाडा आमचा होता.

या एका गोष्टीला आमच्याकडे निरनिराळी नावं होती. भाऊ नुसतं ‘पॉली’ म्हणायचा. बँकेच्या कागदावर पॉलीहाऊस होतं. तिथे कामाला येणाऱ्या गावच्या दोन बाया ‘झिल्ली-घर’ म्हणायच्या, कारण इकडे प्लास्टिकच्या पिशवीला झिल्लीच म्हणतात. नागपूरच्या मराठी पेपरात हरितगृह असं छापून येतं, पण तो शब्द आमच्या घरात कधी कुणाच्या तोंडून निघाला नाही. हुडकोतले शेजारी भावाला ‘खीरेवाला’, म्हणजे काकडीवाला, म्हणत, आणि तेही त्याच्या पाठीमागे नाही, समोरच.

लग्नाच्या बाजारात यातला एकही शब्द चालला नाही. भाऊ छत्तीस वर्षांचा झाला होता. सात ठिकाणांहून नकार आले होते. आमचे लोक मूळचे भंडारा-गोंदियाकडचे शेतकरी, पण दोन पिढ्या कारखान्यात गेल्यावर शेतकऱ्याला मुलगी द्यायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. तुमसरच्या एका मुलीची आई फोनवर माझ्या बायकोला म्हणाली होती, “शेतकऱ्यालेच द्यायची तं गावातच देतो नं बाई. भिलाईले कावून पाठवू? धूर खायले?”

तेव्हा गार्डबाबांनी भावाचं लग्नाचं परिचयपत्र हातात घेतलं आणि पॉलीहाऊसवर बोट ठेवलं.

“हे काढा,” ते म्हणाले. “पॉली म्हटलं का लोकाइले पन्नी दिसते. ग्रीनहाऊस लिवा. ग्रीनहाऊस म्हटलं का साहेब दिसते.”

मी माझ्या मुलीचा शाळेतला शब्दकोश काढून पाहिला. त्यात ग्रीनहाऊस म्हणजे रोपं वाढवण्यासाठी बांधलेली काचेची इमारत, असं होतं. आमच्याकडे काच नव्हती. मी तसं सांगितलं.

“तुमी डिक्शनरी ठेवा तिकडे,” बायको म्हणाली. “भाऊजीच्या डोक्यावर केस हायेत तोवर होऊ द्या.”

त्या दिवसापासून परिचयपत्रावर ‘मुलाचं स्वतःचं ग्रीनहाऊस आहे’ असं छापलं गेलं आणि दीड महिन्यात नंदिनी नगरचं हे स्थळ आलं. मुलीचे वडील चुनखडीच्या खाणीवर ड्रिलवर होते. मुलगी एकतीस वर्षांची, खासगी शाळेत विज्ञान शिकवायची. निर्णय मात्र मामाच्या हातात होता. मामा कोक ओव्हनमधून, म्हणजे कारखान्यातल्या कोळशाच्या भट्ट्यांवरून, निवृत्त झालेला, आता एका कंत्राटदाराकडे माणसं पुरवायचा. गोरा, जाडजूड माणूस. खुर्चीवर बसला की खुर्ची त्याचीच वाटायची.

“छत्तीस वर्षं,” मामाने कागद वाचून खाली ठेवला. “एवढे दिवस कुठी ठेवलं होतं याले? ग्रीनहाऊसमदी?”

माझ्या बायकोने पोह्यांची बशी त्याच्या पुढे सरकवली. “अन् तुमची भाची एकतीसची. ती कुठी होती मामा?”

“राहू द्या नं बाप्पा,” गार्डबाबा म्हणाले. “दोघंही पिकलेलेच हायेत. जास्त दाबाल तं फुटतीन.”

मामा मोठ्याने हसला. मुलीचे वडील हसले नाहीत. मुलगी हातातल्या बशीकडे पाहत होती, आणि भाऊ मुलीकडे पाहायचं की नाही याच विचारात खोलीतल्या पंख्याकडे पाहत होता.

मग कमाई विचारली गेली आणि गार्डबाबांनी सहा लाख सांगितले. मामाने भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं. “सहा? भाऊ, तुमी मोठे. सहा बरोबर हाये का?”

मला सरळ विचारलं होतं. मी सरळ सांगितलं, की सहा ही विक्री आहे, हातात दोन लाख चौदा हजार पडतात, आणि दर चौथ्या वर्षी प्लास्टिक बदलावं लागेल तो खर्च यात धरलेला नाही.

गार्डबाबांनी पोह्यांतली मिरची बाजूला काढली. मामा म्हणाला, “चला. एक माणूस तरी खरं बोलते या घरात.” आणि मग भावाकडे वळून म्हणाला, “तुमचा भाऊ तुमचा शत्रू हाये का पाहुणे?”

या गोष्टीवरून माझं आणि भावाचं नंतर बोलणं झालं. तो म्हणाला, “दादा, तू घरीबी काट्यावरच बसते.” मी म्हटलं, मी काय चुकीचं सांगितलं ते सांग. आजही कुणी विचारलं तर मी दोन लाख चौदा हजारच सांगेन.

पण ते नंतरचं. त्या दिवशी ‘घर पाहिलं, आता ग्रीनहाऊस पाहू’ असं मामाच म्हणाला आणि आम्ही दोन गाड्यांनी निघालो. वाटेत नंदिनी नगर मागे टाकून अजून बारा-तेरा किलोमीटर गेल्यावर भावाने बोट दाखवलं, तेव्हा मुलीच्या वडिलांनी गाडीतून उतरून डोळ्यांवर हात धरला.

“हे होय?” ते म्हणाले. “अरे, हे तं मी दोन वर्षांपासून पाहून राहिलो. मले वाटे कोंबड्यांचं हाये.”

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि वीज नव्हती. एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी बाहेरच उभं राहवत नाही. वीज असली की भाऊ आत फॉगर सुरू करायचा, म्हणजे छताजवळच्या नळ्यांतून बारीक तुषार सुटायचे आणि आतली हवा निवायची. वीज नव्हती म्हणून तुषार नव्हते. दाराशी लटकवलेल्या तापमापकावर त्रेचाळीस होतं. वेलींच्या रांगा दोऱ्यांवर सरळ वर चढलेल्या होत्या, आणि एकेका वेलीला पाच-सहा काकड्या लोंबत होत्या. मला स्वतःला ती जागा नेहमीच नीटनेटकी वाटायची. भाऊ घरात कपड्यांची घडी करत नाही, पण तिथे एक पान जमिनीवर पडू देत नसे.

मामाने प्रथम भिंतीला नख लावलं. प्लास्टिक टणटण वाजलं.

“हे तं पन्नी होय.”

“दोनशे मायक्रॉनची आहे,” भाऊ म्हणाला. “उन्हाने लवकर खराब होत नाही अशी.”

“असन. पण पन्नी होय नं. मी उटीले ग्रीनहाऊस पाहिलं हाये, एलटीसीवर गेलो होतो तवा. काच होती चारी बाजूनं. आत गेलो तं थंडगार. फुलं अशी का पाय धुवून आत जा. तिथं बोर्ड होता, ग्रीनहाऊस. मी वाचला.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, तुमी खरं बोलणारे. ग्रीनहाऊस म्हणजे काचेचं का पन्नीचं?”

“शब्दकोशात काच लिहिलं आहे,” मी सांगितलं.

भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे मी हेही म्हटलं, की आता प्लास्टिकच्यालाही जगभर तेच नाव आहे, सरकारही तेच म्हणतं. पण तोवर मामाने ‘काच’ एवढं ऐकून मान डोलवली होती आणि बाहेर उभ्या असलेल्या बायांना हाक मारून आत खुर्च्या मागवल्या होत्या.

“चहा इथंच घेऊ,” तो म्हणाला. “ज्याच्यात पोरगी द्यायची त्याच्यात बसून तं पाहू.”

तीन खुर्च्या आल्या. एकीवर मामा बसला. मुलीचे वडील दोन मिनिटांत उठून बाहेर पंपाच्या छपराच्या सावलीत गेले, माझी बायको आधीच तिथे होती. गार्डबाबा दारात उभे राहिले, एक पाय आत, एक बाहेर. मुलगी रांगांच्या मधून हळूहळू पुढे गेली. भाऊ उभाच होता, कारण मामाने त्याला बस म्हटलं नव्हतं.

मामाने शर्टाचं वरचं एक बटण उघडलं. एवढंच. तीस वर्षं कोक ओव्हनच्या तोंडाशी काढलेल्या माणसाला त्रेचाळीस अंशांचं काय वाटणार? त्याने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. जागा कोणाची? भाड्याची. करार किती वर्षांचा? पाच. मग पाच वर्षांनी पोरगी कुठे बसणार? बँकेचे किती? दोन लाख साठ हजार बाकी. आजार पडलास तर कोण पाहणार? पेन्शन? प्रॉव्हिडंट फंड? दवाखाना? भावाने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याच्या पाठीवर शर्ट पूर्ण चिकटला होता आणि हनुवटीवरून घाम ओघळून चपलेवर पडत होता.

“पसीना कावून येऊन राहिला जावईबापू?” मामा म्हणाला. “तुमचंच घर हाये नं?”

दारातून गार्डबाबा हसले. मी हसलो नाही, पण मामाला थांबवलंही नाही. विचारलेलं सगळं विचारण्यासारखंच होतं.

तेवढ्यात मुलगी रांगेच्या टोकावरून परत आली. इतक्या वेळात ती पहिल्यांदा बोलली, आणि थेट भावाशी.

“एक विचारू? थंड देशात हे बांधतात ते समजतं. आत गरमी राहावी म्हणून. आमच्या पुस्तकात पण तेच आहे. पण इथे तर गरमी अशीच एवढी आहे. मग तुम्ही कशासाठी बांधलं?”

मला आठवतं, भावाने हाताच्या पंज्याने तोंड पुसलं आणि त्याचा आवाज बदलला. तो सांगू लागला, की इथे हे गरमीसाठी नसतंच. ऊन आत येतं, जमीन तापते, तो ताप प्लास्टिकच्या आत अडकतो, हे खरं. पण इथे त्याच्याशी भांडावं लागतं. म्हणून बाजूचे पडदे गुंडाळता येतात, वरून फटी ठेवल्या आहेत, तुषार आहेत. फायदा दुसराच. बाहेरचा पाऊस पानावर पडत नाही. पांढरी माशी आत येत नाही. वारा फूल झाडत नाही. पाणी मोजून देता येतं. “तिकडे लोक आतलं आत ठेवायले बांधतात,” तो म्हणाला, “आपण बाहेरचं बाहेर ठेवायले.”

“मग नाव तेच कसं?”

“नाव तिकडचंच आलं. काम आपण आपलं लावून घेतलं.”

ती हसली. तिने एक काकडी तोडली, ओढणीला पुसली आणि सालासकट खाल्ली. “कडवी नहीं है,” ती म्हणाली. भाऊ म्हणाला, ही जात कडू होतच नाही. त्यांचं एवढंच बोलणं झालं. पाच मिनिटंही नसतील. पण भाऊ त्यानंतर दोन दिवस काय बोलत होता ते मी ऐकलं आहे. सात नकार पचवलेला माणूस आरशासमोर उभा राहून माझ्या बायकोला विचारत होता, वहिनी, मिशी ठेवू का काढू? त्याला हीच मुलगी हवी होती. दुसरी नको होती, आणि दुसरी मिळणारही नव्हती, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

चहा शेवटी बाहेर पंपापाशीच झाला. तिथे मामाने अट घातली.

“मुलगा चांगला हाये,” तो म्हणाला. “पण सोयरे विचारतीन, जावई काय करते? मी काय सांगू? काकड्या लावते? माझ्या ओळखीत कंत्राटदार हाये. कोक ओव्हनच्या बाजूले काम हाये. मी गेटपास करून देतो. साक्षगंध मे महिन्याच्या शेवटी ठेवू, तोवर पोरगा कारखान्याच्या आत पाहिजे.”

पगार मी विचारला. महिन्याचे साडेतेरा हजार. मी तिथेच सांगितलं, की वर्षाचे एक लाख बासष्ट हजार झाले, म्हणजे काकडीपेक्षा बावन्न हजारांनी कमी.

“तुमी पगार पाहून राहिले,” मामा म्हणाला. “मी गेटपास पाहून राहिलो. गळ्यात गेटपास असला का माणूस कुठंबी उभा राहू शकते. हे पन्नीचं काय, गडी पाहतीन. बंद करा म्हणत नाई मी. असू द्या साइडले.”

ज्यांना हे बाहेरून कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिलाईत मुलगा काय करतो या प्रश्नाला एकच उत्तर असतं, कारखान्यात आहे. कायम आहे की कंत्राटी, हे दुसरा प्रश्न विचारल्यावर कळतं, आणि लग्नाच्या मांडवात दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्या वडिलांचंही लग्न असंच जमलं होतं. तेव्हा ते रोजंदारीवर होते.

भावाने एका क्षणात ‘करतो’ म्हटलं. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला, टाकीवर हात धुतले आणि गाडीत जाऊन बसली. आम्हाला वाटलं, लाजली.

भाऊ मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून कामाला लागला. सकाळी सहा ते दुपारी दोन. दोननंतर मोटरसायकल काढून तो सरळ काकडीवर जायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. वजन उतरलं. बायको म्हणायची, भाऊजी, लग्नात शेरवानी लोंबन अशानं. तो हसायचा. मुलीला फोन करावा असं दोन-तीनदा म्हणाला, पण साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, बरं दिसत नाही म्हणून बायकोनेच थांबवलं.

तिकडे मुलीच्या घरी वेगळंच झालं. भावाला आत घेतल्यावर मामाला तोंड उघडायला जागा मिळाली आणि त्याला आता नुसती नोकरी सांगून भागेना. भंडाऱ्यापासून राजनांदगावपर्यंत सोयऱ्यांना फोन गेले: जावई कारखान्यात आहे, आणि वरून स्वतःचं ग्रीनहाऊस आहे. जो शब्द त्याने नखाने वाजवून खोटा ठरवला होता, तोच तो आता स्वतः वापरत होता. गार्डबाबांनी आम्हाला सांगितलं, की एका बारशात मामीने तर काचेचं आहे असंही सांगितलं. मी गार्डबाबांना म्हटलं, हे दुरुस्त करायला हवं. ते म्हणाले, “भाऊ, तुमी आता साक्षगंधापर्यंत तोंडाले झिल्ली बांधा.”

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वादळ आलं. सकाळी अकराच्या आसपास आभाळ पिवळं झालं आणि धमध्याच्या बाजूने धुळीची भिंत आली. अशा वेळी पॉलीचे चारही पडदे खाली घ्यावे लागतात. एका बाजूने वारा आत शिरला की तो छताला खालून उचलतो. पडदे लोखंडी हँडलने उतरवायचे. त्या दोन बायांनी तीन पडदे उतरवले. चौथ्याचं हँडल अडकत होतं. ते कसं सोडवायचं हे फक्त भावाला माहीत होतं. त्यांनी त्याला फोन लावला. फोन लॉकरमध्ये होता. कोक ओव्हनवर गॅस असतो, फोन आत न्यायचा नाही असा नियम आहे, आणि भाऊ नियम पाळणारा आहे. त्या लावत राहिल्या. चौथा पडदा तसाच राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा सांगाडा उभा होता, दोन कमानी वाकल्या होत्या, आणि छत नव्हतं. वेली दोऱ्यांसकट जमिनीवर झोपल्या होत्या. प्लास्टिकचा एक मोठा तुकडा विजेच्या खांबाला गुंडाळला गेला होता. बाकीचं शेतांतून लांबवर पसरलं होतं. आठवड्याभरात तेही दिसेनासं झालं. पावसाळा तोंडावर होता. गावातल्या कितीतरी छपरांवर, गोठ्यांवर आमची दोनशे मायक्रॉनची झिल्ली ताणलेली दिसू लागली. भावाने कुणाकडून परत मागितली नाही. प्लास्टिक नवं घालायला एक लाख दहा हजार लागले असते. माझ्याकडे नव्हते. त्याच्याकडे बँकेचा हप्ता होता.

मामा तिसऱ्या दिवशी बघायला आला. मी आणि भाऊ तिथेच होतो, वाकलेल्या कमानीचे बोल्ट काढत. मामाने सांगाड्याच्या पाइपावर हात ठेवला.

“काच असती तं फुटली असती,” तो म्हणाला. “पन्नी होती म्हणून उडाली. एवढाच फरक.”

भाऊ बोल्ट काढत राहिला.

“मी बोललो घरी,” मामा मला म्हणाला. “साक्षगंध आता होणार नाई.”

मी विचारलं, का? मुलगा कारखान्याच्या आत पाहिजे होता, आत आहे. अट तुमची होती, पूर्ण झाली.

“आत हाये. पण काय म्हणून हाये? कंत्राटी मजूर म्हणून. कंत्राटी मजुरालेच पोरगी द्यायची असती तं माझ्या हाताखाली पन्नास हायेत. रोज सलाम करते मले. आमी ग्रीनहाऊसवाल्याले देत होतो.”

“तुम्हीच म्हणाला होता की हे ग्रीनहाऊस नाही.”

“तवा होतं,” मामा म्हणाला. “आता खरंच नाई.”

त्याने स्कूटरला किक मारली. जाताना भावाला म्हणाला, “पाहुणे, ड्यूटी चुकवू नका. कंत्राटदार माझ्याकडे पाहते.”

बायकोला हे पटलं नाही. तिने त्याच संध्याकाळी मुलीच्या घरी फोन लावला. फोन मुलीनेच उचलला. बायकोने स्पीकर सुरू केला, म्हणून मी ऐकलं, आणि भाऊही ताटावर बसला होता, त्यानेही ऐकलं.

“मामाचं सोडा वहिनी,” मुलगी म्हणाली. “मामा पुढच्या महिन्यात मानले असते. मीच नाही म्हटलं.”

“कावून?”

“त्यांनी मला ते समजावून सांगितलं ना आतमध्ये, मला ते आवडलं होतं. कुणी मला असं सांगतच नाही काही. मग आम्ही बाहेर आलो, मामाने एक गोष्ट म्हटली, अन् यांनी लगेच हो म्हटलं. माझ्याकडे बघितलं पण नाही. मैं सोच रही थी, एक बार तो मुझसे पूछेंगे. ज्या गोष्टीवर ते एवढं बोलले, ती त्यांनी एका चहात सोडली.”

“तुझ्यासाठीच केलं नं बाई त्यानं,” बायको म्हणाली.

“मी मागितलं होतं का?”

यावर बायकोने जे उत्तर दिलं ते तिने द्यायला नको होतं, पण दिलं. ती म्हणाली, “मग बस आता मामाच्या घरी. पुढच्या एप्रिलमदी बत्तीस.” पलीकडून फोन बंद झाला. भाऊ भात कालवत होता. तो कालवतच राहिला, खाल्ला नाही. मग ताट उचलून मोरीत ठेवलं आणि सकाळच्या ड्यूटीचे बूट दाराशी काढून ठेवायला गेला.

सांगाडा जूनमध्ये भंगारात गेला. भाऊ कामावर जात राहिला, कारण बँकेला काकडी, वादळ आणि लग्न यांच्याशी काही देणंघेणं नसतं. परिचयपत्रं बायकोने फाडून टाकली नाहीत. मागची बाजू कोरी होती म्हणून आमच्या मुलीला गणितं सोडवायला दिली.

जूनच्याच शेवटच्या आठवड्यात मामा आमच्या घरी आला. या वेळी एकटा. पाणी प्यायला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, “गेटपासचा खर्च राहिला हाये. सोयरीक झाली असती तं एक पैसा घेतला नसता.”

त्याने बोटांवर सांगितलं: मेडिकल, पोलीस तपासणी, फोटो, बूट-हेल्मेट, आणि कंत्राटदाराकडे मारलेल्या चकरा. सगळे मिळून आठ हजार.

“बाप्पा,” बायको आतून म्हणाली. “लाज असते कोणाले कोणाले.”

“बाई, मी तुमच्या दिराले नोकरी लावली,” मामा शांतपणे म्हणाला. “बाकीच्याइनं काय दिलं त्याले?”

मी पावत्या मागितल्या. मेडिकलची होती. बाकीच्या नव्हत्या. मी म्हटलं, पावती नाही त्याचे पैसे मी देत नाही. तेव्हा भाऊ बाहेर आला. तो ड्यूटीवरून नुकताच परतला होता, कानांच्या मागे काळं राहिलं होतं.

“दे दादा,” तो म्हणाला. “उद्या मले त्याच गेटातून आत जायचं हाये.”

मामाने त्याच्याकडे पाहून मान हलवली, जणू एवढ्या दिवसांत त्याला या मुलातलं काही पहिल्यांदाच पसंत पडलं होतं.

मी कपाटातून पैसे काढले. बूट भावाने स्वतः सुपेल्याच्या बाजारातून नऊशेला घेतले होते, ते दाराशीच होते म्हणून मी मामाला दाखवले आणि त्यांचे नऊशे कापले. सात हजार शंभर रुपये, रोख, मुलीच्या मामाला दिले.